पूर ओसरला की पोरं का गळतात? बचाव पथक टिकवण्यासाठी वर्षभराचं नियोजन

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि २०२१ च्या जुलैत शहराने पुन्हा महापूर पाहिला. दोन्ही वेळा तालमींची, तरुण मंडळांची, गावोगावची पोरं कुणी बोलवायच्या आधीच पाण्यात उतरली होती. तेव्हा पाण्यात उतरायला माणसं मिळत नाहीत, ही आपली अडचण नाहीच. खरी अडचण पुढच्या मे-जूनमध्ये कळते. यादीवर चाळीस नावं असतात आणि बैठकीला पंधरा टाळकी.

गेलेल्यांना गाठून विचारलं तर भीतीपोटी गेलेला विरळाच सापडतो. कुणाचे कामावर खाडे पडले आणि ते कुणी भरून दिले नाहीत. कुणाच्या घरी भांडण झालं. कुणाचं सत्काराच्या यादीत नाव राहिलं. कुणाला महिनाभर झोप लागत नव्हती आणि विचारणारं कुणी नव्हतं. यातलं जवळजवळ सगळं पाणी उतरल्यानंतर घडतं. म्हणून पुढचं नियोजन पुराच्या आठ-दहा दिवसांपेक्षा उरलेल्या वर्षाकडे जास्त बघतं. तालीम असो, ग्रामपंचायत असो की सेवाभावी संस्था, पथकप्रमुखाने आपापल्या मापाने ते कापून-जोडून घ्यावं.

मे महिना: यादी करताना काय विचारायचं

नाव आणि मोबाइल नंबर एवढ्यावर यादी थांबते, तिथंच पहिली चूक होते. वही घ्या आणि एकेका माणसाला एक पान द्या. रक्तगट, पोहता येतं का (विहिरीत की वाहत्या पाण्यात, हा फरक लिहा), बीपी-शुगर-दमा काही आहे का, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, कामाची शिफ्ट कोणती, घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे का, काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा. अठरा वर्षांखालच्या पोराचं पान बोटीच्या यादीत ठेवायचंच नाही, तो कितीही हट्टाला पेटला तरी.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "तू काय करणार नाहीस?" हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. तालमीच्या कट्ट्यावर कुणीही "मला मढ्याला हात लावणं जमणार नाही" असं म्हणणार नाही, पण बाजूला घेऊन विचारलं की सांगतो. ते पानावर लिहा आणि पाळा. एकदा का नको असलेलं काम भिडेखातर गळ्यात पडलं, की तो माणूस तोंडाने काही बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

बोटीत बसणारा तोच खरा, बाकीचे हरकामे, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो मोडायला वेळ लागतो. निवारा केंद्रातली नोंदवही, जनावरांची हलवाहलव, औषधांची यादी, फोनवर बसून येणाऱ्या हाका टिपणं, रात्री जेवण पोहोचवणं, या प्रत्येक कामाला एक नेमलेला माणूस आणि एक बदली माणूस लागतो. फोनवर बसणाऱ्याला तर बोटीतल्यापेक्षा जास्त ऐकावं लागतं. गच्चीवर अडकलेली बाई तिसऱ्यांदा फोन करते आणि त्याच्याकडे पाठवायला बोट नसते. त्यालाही पाळी आणि विश्रांती हवी, हे बहुतेक ठिकाणी कुणाच्या ध्यानातच येत नाही.

घरच्यांना आधी बोलवा

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बैठक फक्त घरच्यांसाठी ठेवा. आई, वडील, बायको, थोरली पोरं असतील तर तीही. लाइफ जॅकेट दाखवा, बोटीत किती माणसं बसतात ते सांगा, कुठल्या वेळी बोट थांबवतो तेही सांगा. वहिनींचे प्रश्न सरळ असतात: "रात्री कितीला सोडणार? फोन लागला नाही तर कुणाला विचारू? ह्यांना काय झालं तर आमचं काय?" तिन्ही प्रश्नांना खरं उत्तर द्यायची तयारी नसेल तर बैठक घेऊ नका, आधी उत्तरं तयार करा.

पथकातला एक माणूस फक्त घरच्यांशी बोलण्यासाठी नेमा. शक्यतो वयाने मोठा, शब्दाला वजन असलेला. पूरकाळात रोज संध्याकाळी त्याने प्रत्येक घरी फोन करायचा: "काकी, पोरगा निवारा केंद्रावर हाय, जेवलाय, रात्री दहाला येतोय." दोन मिनिटांचं काम आहे, पण याने घरातली निम्मी भांडणं टळतात.

आपल्याकडचा स्वयंसेवक बहुतेक वेळा स्वतःच पूरग्रस्त असतो, हे तर विसरूनच चालणार नाही. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं, शहरात शुक्रवार पेठ, सुतारवाडा, जामदार क्लब, रमणमळा. दुसऱ्याचं घर रिकामं करताना त्याच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी असतं. म्हणून नियम असा करा: पातळी ३९ फुटांवर पोहोचायच्या आत नदीकाठच्या स्वयंसेवकांची स्वतःची घरं, जनावरं आणि कागदपत्रं हललेली असली पाहिजेत, आणि त्या कामाला अख्खं पथक लागलं पाहिजे. याला कुणी आपमतलबी म्हणेल. म्हणू द्या. घोर नसलेला माणूस दुसऱ्याकडे नीट लक्ष देतो.

खाडे, पेट्रोल आणि विमा

सेवेत पैशाचं बोलू नये असा आपला संस्कार आहे. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कंत्राटावर असलेल्या पोराचे आठ खाडे म्हणजे त्या महिन्याचा घराचा हप्ता. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्याचंही तेच. मालक आणि सुपरवायझर वाईट असतात असं नाही. त्यांना आयत्या वेळी कळतं, हे दुखणं आहे. मे महिन्यातच पथकाच्या लेटरहेडवर प्रत्येकाच्या कारखान्याला पत्र द्या: हा माणूस पूरकाळात बचावकार्यात असेल, आम्ही एका वेळी इतक्याच दिवसांसाठी बोलवू, काम संपल्यावर हजेरीचं पत्र देऊ. शिफ्ट बदलून मिळते का विचारा. मिळत नसेल तर त्या माणसाला त्याच्या सुट्टीच्या वेळेतलंच काम द्या.

पेट्रोलचे पैसे त्याच आठवड्यात द्या. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम यासाठी बाजूला काढली तर कुणी हरकत घेत नाही, हिशेब मात्र भिंतीवर लावा. मोबाइल पाण्यात गेला, चष्मा गेला, गाडीचं इंजिन बसलं, असलं नुकसान सगळ्यांचंच होतं आणि सगळे ते गिळतात. पूर्ण भरपाई जमणार नाही. निदान विचारा आणि लिहून घ्या.

विम्याचं काम एका दुपारी होतं, तरी ते राहून जातं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, आपल्या पावसाच्या बरोबर तोंडावर. खात्यात शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि माणूस समजतो विमा आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं पासबुक नाहीतर बँकेचा मेसेज डोळ्यांनी बघा. जोडीला जीवन ज्योती विमा: वयाची अट १८ ते ५०, हप्ता ४३६ रुपये, रक्कम २ लाख. ज्यांनी सरकारच्या आपदा मित्र योजनेतून १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय त्यांना वेगळा विमा असतो, पण त्यालाही मुदत असते. आपली मुदत चालू आहे का, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारून घ्या.

हायवेवरच्या अपघातात मदत करणाऱ्या पोरांना आणखी एक धास्ती असते, पोलिसांच्या चौकशीची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. याची एक प्रत पथकाच्या गाडीत ठेवा.

पाणी चढल्यावर: पाळ्या लावायच्या म्हणजे लावायच्याच

पहिल्या दिवशी कुणालाही घरी जायचं नसतं. अंगात वारं असतं. तिसऱ्या दिवशी तीच पोरं एकमेकांवर खेकसायला लागतात आणि दोर बांधताना गाठ चुकते. म्हणून पाळ्या पहिल्या तासापासून. बोटीवर चार-पाच तास, मग उतरायचं, कोरडे कपडे, गरम जेवण, झोप. पाळ्यांचा तक्ता खडूने फळ्यावर लिहा, कारण पुरात मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात. पाळी संपलेल्याने पुन्हा बोटीत बसायचं नाही, पथकप्रमुखानेही नाही. प्रमुखच तीन रात्री जागा राहिला तर बाकीच्यांना झोपायला लाज वाटते. त्यामुळे त्याच्या नावापुढे झोपेची वेळ सगळ्यात आधी लिहा आणि त्या वेळेत निर्णय कुणी घ्यायचे त्याचं नाव खाली लिहा.

बोटीत किती माणसं, हा आकडा बोटीवरच रंगवा. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली. त्या घटनेनंतर आपल्या भागात कुणाला हा नियम समजावून सांगायची गरज नाही. पण काठावर माणसं आकांत करत असताना "आता नाही, पुढच्या फेरीला" हे म्हणायचं ओझं बोट चालवणाऱ्या एकट्यावर टाकू नका. काठावर उभा राहून माणसं मोजणारा आणि थांबवणारा वेगळा हवा. नकार त्याने द्यायचा, शिव्याही त्यानेच खायच्या. गुळाच्या काहिलीतून, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतून, माणसं आणायची जुनी रीत अजून काही गावांत आहे. ती कौतुकाने आठवावी, पण पथकाच्या माणसाला काहिलीत बसवू नये.

अंगाची काळजी: सतत ओल्या पायांना चिखल्या होतात आणि मग चार दिवस चप्पलही घालवत नाही. पाळी संपली की पाय साबणाने धुऊन, बोटांमधून पुसून कोरडे करायचे. पायावर जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, काठावरचं काम. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पाणी चढायच्या आधीच विचारा आणि ते सांगतील तशीच घ्या. पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर "पावसात भिजलो" म्हणून अंगावर काढायचं नाही. डॉक्टरांना सांगताना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे पहिलं वाक्य.

पाळी संपताना दहा मिनिटं

गोल बसा, चहा घ्या. तीन गोष्टी विचारा: काय झालं, पुढच्या पाळीला काय सांगून ठेवायचं, कुणाला काही हवंय का. एवढंच. "कसं वाटलं सांग, मन मोकळं कर" असा आग्रह धरू नका. भीषण प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून अनुभव वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, असं अभ्यासातून दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही अशा सक्तीच्या बैठकींची शिफारस करत नाही. तिने २०११ साली मानसिक प्रथमोपचारावर जी पुस्तिका काढली, तिचं सार सोपं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. बोलणाऱ्याचं ऐकायचं, गप्प राहणाऱ्याजवळ गप्प बसायचं, आणि तिसरा, बहुतेकदा राहून जाणारा भाग म्हणजे त्या माणसाला घरच्यांशी, डॉक्टरांशी, झोपेशी जोडून द्यायचं.

माणसाला काय लागतं ते बाहेरून ओळखू येत नाही. आमच्याकडच्या एका पोराने एका वाडीतून एका फेरीत म्हातारा-म्हातारी आणि दोन नातवंडं सुखरूप काढली. सगळ्यांनी पाठ थोपटली. तो मात्र त्यानंतर गोठ्याकडे पाठ करून बसायला लागला. बऱ्याच दिवसांनी एवढंच म्हणाला, "म्हशीचं दावं कापायला हातात विळा होता ओ. दोन मिनिटं लागली असती." चार जीव वाचवल्याचं त्याला कुणी सांगून उपयोग नव्हता, ते त्याला माहीत होतं. त्याच्या पथकातल्या थोरल्या माणसाने त्याच्याबरोबर बसून त्या फेरीचा हिशेब मांडला. पाणी किती वेगाने चढत होतं, बोट किती भरली होती, ती दोन मिनिटं खरंच होती का. "विसरून जा" म्हणण्यापेक्षा असा शांतपणे मांडलेला हिशेब कामाला येतो, पण तो त्याने विषय काढल्यावर, आपण काढून नव्हे.

मृतदेह काढायची वेळ येते तेव्हा काही गोष्टी पक्क्या ठरवून ठेवा. तेच दोघं प्रत्येक वेळी नकोत. मृत माणूस ओळखीतला किंवा गल्लीतला असेल तर त्या गल्लीचा स्वयंसेवक मागे. नवख्याला पहिल्याच वर्षी नको. फोटो कुणीच काढायचे नाहीत, ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. त्या रात्री त्या दोघांना एकटं घरी सोडू नका, कुणीतरी सोबत जा. आणि "चला, बसू या" हा आपल्याकडचा ठरलेला उपाय टाळा. दारूने डोळा लागतो, झोप लागत नाही, आणि चार दिवसांची सवय चार महिन्यांची होते. पथकप्रमुखाने स्वतः ग्लास धरला तर हा नियम सांगूही नये.

पाणी उतरल्यानंतरचे दोन महिने

पहिला आठवडा विश्रांतीचा. घरातला गाळ काढायला पथक एकमेकांच्या घरी जातं, हे सर्वांत उत्तम औषध. हातांना काम आणि बोलायला मोकळीक दोन्ही मिळतं.

दुसऱ्या आठवड्यात वही उघडा आणि प्रत्येकाला एक फोन करा, शक्यतो भेटाच. त्रासाच्या खुणा साध्या असतात: झोप मोडणं, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येणं, पावसाचा आवाज आला की छाती धडधडणं, कारण नसताना चिडणं, माणसांत न येणं. पहिले काही आठवडे हे बहुतेकांना होतं आणि आपोआप निवळतं, तसं त्यांना सांगा. महिना उलटूनही तसंच राहिलं, काम-जेवण सुटायला लागलं, तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं कुणी बोलला, थट्टेत का होईना, तर महिना मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी बरोबर घेऊन जायचं, एकटं सोडायचं नाही.

आणि सत्कार. यावर मी जरा कडवट आहे. शाल-श्रीफळाचे कार्यक्रम पथकं फोडतात. बॅनरवर नेत्यांचे चेहरे मोठे, बोटीवाल्याचं नाव नाही, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायका तर कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. बाहेरचं कुणी सत्कार करत असेल तर एकच अट घाला: नावं आमच्या वहीतून, सगळी, आडनावांच्या क्रमाने. ती मान्य नसेल तर नम्रपणे नकार. त्यापेक्षा पथकाच्या आपल्या जेवणावळीत, तांबडा-पांढरा रस्सा वाढायच्या आधी, प्रत्येकाने काय केलं ते एका वाक्यात वाचून दाखवा. "अमुकने सहा रात्री नोंदवही सांभाळली" हे नेमकं वाक्य "मोलाचं योगदान दिलं" पेक्षा माणसाला जास्त दिवस पुरतं.

कोरडे महिने

ऑक्टोबर ते मे या काळात पथकाला काहीच काम नसेल तर ते मे महिन्यात नव्याने उभं करावं लागतं. पण दर रविवारी सराव लावलात तरी माणसं कंटाळतात. महिन्यातून एकदा भेटणं पुरे, तेही ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपणारं. कधी दोराच्या गाठी, कधी सीपीआर म्हणजे छातीदाबाचा सराव (आपल्याकडे सीपीआर म्हटलं की लोकांना दवाखानाच आठवतो), कधी परवानगी काढून तलावात बोटीचा. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, गणपती विसर्जनाला इराणी खण (शहरातली पाण्याने भरलेली जुनी खाण) असते. अशा ठिकाणी दोन-चार तासांची जबाबदारी घेतली की हातही बसतो आणि नवखे जुन्यांबरोबर तयार होतात.

बायका-मुलींना पथकात ठेवायचं असेल तर भाषण नको, सोय करा. कपडे बदलायला बंद जागा, स्वच्छतागृह, तिच्या मापाचं जॅकेट, रात्री घरापर्यंत सोबत, आणि बैठक स्वयंपाकाच्या वेळेला नाही.

पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं पथकात भरपूर असतात. ती दोन-तीन वर्षांत जाणारच, हे धरून चाला. त्यांना कामाच्या तारखा आणि स्वरूप लिहिलेलं अनुभवाचं पत्र न मागता द्या. ग्रुपवर पूरकाळ सोडून गुड मॉर्निंग, पक्षाच्या पोस्टी आणि वाढदिवसाचे बॅनर बंद. नाहीतर लोक ग्रुप म्यूट करतात आणि खऱ्या हाकेलाही ओ येत नाही.

रजेची सोयही ठेवा. लग्न झालं, बाळ आलं, वडील आजारी, तर "यंदा मी नाही" म्हणता आलं पाहिजे आणि नाव वहीत राहिलं पाहिजे. जो कायमचा थांबतोय त्याला प्रमुखाने नव्हे, तर ज्याच्याशी त्याचं जमतं अशा माणसाने भेटावं आणि दोनच प्रश्न विचारावेत: कशामुळे नको झालं, आणि कधीपासून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं. तीन जणांनी एकाच आठवड्याचं नाव घेतलं तर त्या आठवड्यात काय झालं ते शोधा. जॅकेट आणि ओळखपत्र परत घेताना पोच लिहून द्या. दोन वर्षांनी तो परत आलाच तर टोमणा न मारता त्याला आधी काठावरची एक पाळी द्या, तलावात एक सराव करून घ्या, मग बोट.